बोटीतला ओटा

"पाणसळ खोटं बोलत नाही!"

हे वाक्य मिस्त्रींनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं, की त्यांच्या बायकोला ते झोपेतही ऐकू येई. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं आणि जमीन सपाट आहे की नाही ते दाखवणारी ती बुडबुड्याची पट्टी कायम जवळ. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली, तर ती बिचारी जागच्या जागी विचारात पडायची, इकडे जाऊ की तिकडे! भिंत सरळ आहे की नाही ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, त्या ओळंब्याचंच नाव लोकांनी त्यांना ठेवलं होतं. ते चालायचेही तसेच, वरून कुणीतरी दोरीने सोडल्यासारखे.

अशा माणसाने काम सोडल्यावर काय घ्यावं? बोट!

जन्मभर काही हलू नये म्हणून धडपडले आणि उतारवयात हलणारं घर घेऊन बसले. पंधरा हात लांब, निळ्या रंगाची, एक केबिन, दोन बाकं. मनात एकच होतं. नदीच्या प्रवाहाबरोबर दहा दिवस खाली जायचं. दोघांनीच! चाळीस वर्षं ते दुसऱ्यांची घरं उभी करत राहिले आणि स्वतःच्या घरात बायको एकटीच जेवत राहिली. हे त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी बोट दाखवली.

बायकोने बोटीभोवती एक फेरी मारली आणि अट घातली.

"येईन मी. पण जेवण ऊन-ऊन पाहिजे. थंडगार डबे उघडून खायला मी काही तुमच्या हाताखालची मजूर नाही. आधी एकदा बोटीवर स्वयंपाक करून बघणार. जमलं तर जाऊ. नाही तर बोट माझ्या भावाला देऊन टाका, कधीचा मागतोय तो."

"एवढंच ना?" मिस्त्री हसले. "असं स्वयंपाकघर करून देतो, की घरी परत यायचं नाव काढणार नाहीस!"

दुसऱ्या दिवशी ते बोटीच्या सामानाच्या दुकानात. दुकानदाराने कौतुकाने एक शेगडी पुढे केली. दोन बाजूंनी टांगलेली, बोट कलली तरी आपली झुलत सरळ राहणारी. भांडी घसरू नयेत म्हणून वर छोटा कठडासुद्धा.

मिस्त्रींनी तिला बोटाने ढकललं. शेगडी पाळण्यासारखी हलली.

"हिला काय अंगाई म्हणून दाखवायची?"

"मिस्त्री, पाण्यावर हीच लागते. सगळे हीच नेतात."

"सगळ्यांना ओटा बांधता येत नाही! मला साधी शेगडी द्या. न हलणारी. सपाट बुडाचं पातेलं द्या, एक जड तवा आणि घट्ट झाकणाची किटली. बाकी मी बघतो."

"बाकी म्हणजे?"

"सिमेंट घरात आहे."

दुकानदाराने शेगडी गुंडाळता गुंडाळता दोनदा मान वर करून बघितलं; पण गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, एवढं त्यालाही कळत होतं.

बोट तेव्हा काठावर होती, रंगासाठी लाकडी टेकूंवर चढवलेली. मिस्त्री थैली घेऊन आत शिरले, मधल्या भिंतीपाशी पाणसळ ठेवली आणि काचेच्या नळीतला बुडबुडा पळत डावीकडे जाऊन बसला! बोटीची जमीन उजवीकडे चांगली दोन बोटं उतरती.

"अरेरे! कुठल्या अडाण्याने बांधली ही बोट?" मिस्त्री बाहेर येऊन बायकोला म्हणाले. "डोळे मिटून बांधली असणार! पण हरकत नाही, आता माझ्या हातात आली आहे."

तीन दिवस आतून थापीचा आवाज येत होता. तिथे लाकडी खोक्यावर तीन बोटं जाडीचा सिमेंटचा ओटा उभा राहिला, उजव्या बाजूला दोन बोटं जास्त भर देऊन. वर पांढऱ्या फरशा. शेगडीचे चारही पाय सिमेंटात रुतवलेले. पाणसळ ठेवली. बुडबुडा अगदी मधोमध, ध्यानाला बसलेल्या साधूसारखा.

"आता हा ओटा बोट मोडली तरी हलायचा नाही!" मिस्त्री म्हणाले.

बोट पाण्यात सोडायला मेहुणा आला. माणूस मनाने लोण्यासारखा आणि अंगानेही. टेकू काढले, चार जणांनी ढकललं आणि बोट सुळकन पाण्यात उतरून हंसासारखी सरळ तरंगायला लागली.

हो, सरळ! बोट कधी वाकडी नव्हतीच. वाकडे होते ते टेकू.

हे मिस्त्रींच्या ध्यानात आलं ते बायकोने तव्यात पहिलं अंडं फोडलं तेव्हा. अंडं उतारावरची घसरगुंडी सापडल्यासारखं डावीकडे निघालं आणि तव्याच्या काठाला जाऊन गठ्ठा झालं. बटाटा ओट्यावर ठेवला, तो टुणकन खाली. दुसरा ठेवला, तो पहिल्याला शोधायला!

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "हे काय आहे?"

मिस्त्रींनी पाणसळ काढली. बुडबुडा उजवीकडे टोकाला. त्यांनी ती उलटी फिरवली. पुसली. कानाशी धरून हलवली.

"पाणसळ बिघडली," ते म्हणाले.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा?"

ओटा फोडावा, तर घणाचा घाव तळालाच भोक पाडेल. आणि बोट जायची मेहुण्याकडे! त्यांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा दारात उभा होता, दार भरून. आणि मिस्त्रींच्या डोक्यात दिवा पेटला.

"अरे, तू जरा त्या उजव्या बाकावर बस बघू. कोपऱ्यात. अजून मागे सरक!"

मेहुणा टेकला, तशी बोट नम्रपणे उजवीकडे झुकली. बुडबुडा डुलत डुलत मध्ये आला.

"बास! आता श्वाससुद्धा बेताने घे!"

"भावोजी, मी पाहुणा आहे की पाचर?"

"आज दोन्ही!"

बायकोने सूप चढवलं. गाजर, बटाटा, मिरी, थोडं लोणी. केबिनभर वास दरवळला. सूप पातेल्यात कसं सपाट, तळ्यासारखं! मिस्त्री शेगडीच्या डाव्या बाजूला हाताची घडी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "बघितलंस? पाणसळ..."

तेवढ्यात वासाने वेडा झालेला मेहुणा उठला. "ताई, जरा चव..."

बोट झटकन डावीकडे कलली. पातेलं घसरलं, अर्धं सूप उडालं आणि ओळंब्यासारख्या सरळ उभ्या माणसाच्या पोटापासून पायापर्यंत उतरलं.

"मुद्दाम उठलास! बोट पाहिजे ना तुला!"

"वास आला हो, भावोजी! शपथ!"

"ओरडू नका कुणी," बायको म्हणाली. "पोळलंय का ते सांगा आधी."

पोळलं होतं थोडंसं, जाड विजारीमुळे निभावलं. अभिमान मात्र सालासकट सोलला गेला. मिस्त्री बाकावर बसले, विजारीवरचा गाजराचा तुकडा उचलला आणि खाली मान घालून म्हणाले, "बोट दे त्याला. चुकलं माझं. टेकू वाकडे होते आणि मी... मी जमिनीवरून पाण्याचं माप घेतलं."

चाळीस वर्षांत 'चुकलं माझं' हे तिने पहिल्यांदा ऐकलं. गाजराचा तुकडा धरून बसलेल्या त्यांच्याकडे तिने बघितलं आणि मग अशी हसली, की बोट पुन्हा डुलायला लागली.

"बोट कुणाला द्यायची नाही," ती म्हणाली. "उरलेलं सूप ऊन आहे ना? मग अट पुरी झाली. जायचं. आपण दोघंच."

"आणि मी?" मेहुणा.

"तुझ्या जागी बटाट्याचं पोतं येईल. ते मध्येच उठत नाही."

आठवड्याने ते निघाले. पोतं उजव्या कोपऱ्यात, बुडबुडा मधोमध. सकाळी बायको चहा टाकता टाकता गुणगुणायची,

"पाण्यावरती घर माझं, उंबरठा त्याला नाही,
डुलता डुलता शिजतं सारं, सांडत काही नाही!"

फक्त एक हिशेब दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. बटाटे खाल्ले की संपतात! पाचव्या दिवशी पोतं निम्म्यावर आणि अंडं पुन्हा डावीकडे चाललेलं. सहाव्या दिवसापासून मिस्त्री स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसू लागले. ती सांगे, "अजून जरा मागे," आणि ते सरकत. तिथे बसून ते तिला भाज्या चिरून देत आणि ती बोलत असे. किती बोलायचं साचलं होतं तिच्याजवळ!

आठव्या दिवशी त्यांनी नांगर टाकला होता, तिथे शेजारी एक कोळी आपली होडी लावत होता. त्याने दोर हातात घेऊन हाक मारली, "ओ मालक! जरा हा दोर धरता का? एवढ्यापुरतं उठा!"

मिस्त्री जागचे हलले नाहीत. खिडकीतून फक्त मान बाहेर काढली आणि हळूच म्हणाले,

"दहा मिनिटं थांबा हो. दूध तापतंय, मला उठता येत नाही!"