अवसरीतले श्री. क्ष

"तीन कॉलेजं, तीन फॉर्म आणि तिन्हीकडं पहिला नंबर!"

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात आरतीनं ओसरीवर उभं राहून ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला तिचे वडील हौशीराम, आई प्रयागबाई आणि अंगणातली जर्सी गाय असे तिघंच होते. त्यातल्या गायीनं तेवढी मान हलवली.

मंचरच्या कॉलेजातून मानसशास्त्रात बी.ए. झालेल्या आरतीला एम.एस.डब्ल्यू. करायचं होतं. समाजकार्याची दोन वर्षांची मोठी पदवी! आणि तेही साधंसुधं समाजकार्य नाही, तर 'वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य'. कॉलेजच्या सहलीत ती पुण्याच्या एका इस्पितळात गेली होती. तिथं चार महिने अक्षर न बोललेल्या एका म्हातारीजवळ साध्या सुती साडीतली एक बाई जाऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "मावशी, तुमच्याकडं औंदा बाजरी कशी झाली?" म्हातारी जी सुरू झाली, ती जेवणाची घंटा होईस्तोवर थांबली नाही. ती बाई डॉक्टर नव्हती, नर्स नव्हती, समाजकार्यकर्ती होती. आरतीनं तिथंच ठरवलं, आपण हेच करायचं.

"मेडिकल म्हंजी, दुकान टाकायचं का?" हौशीरामांनी विचारलं.

"नाही आण्णा. डॉक्टरच्या शेजारी बसून पेशंटचं ऐकून घ्यायचं. घरच्यांचं ऐकायचं. मग मार्ग काढायचा."

"नुसतं ऐकायला शिकायचं? दोन वर्सं?"

"हो."

"मग आधी तुज्या आईला पाठवू."

प्रयागबाईंनी चुलीपासून असा काही कटाक्ष टाकला, की हौशीराम लगेच मुद्द्यावर आले. "हे बघ पोरी, यंदा नंबर लागला तर लागला. न्हाई तर मामानं मंचरच्या खताच्या दुकानात तुज्यासाठी खुर्ची धरून ठेवलीय. मग मागं हटायचं न्हाई."

आरती हो म्हणाली. पहिला नंबर येणार असलेल्या माणसाला हो म्हणायला काय जातंय!

मुंबई, पुणे आणि नगर अशा तीन कॉलेजांची माहितीपत्रकं ओसरीवर पसरली आणि निवड सुरू झाली. आरती विषय बघत होती, शिक्षक बघत होती, इस्पितळात किती दिवस काम देतात ते बघत होती. शेजारचे सावळारामतात्या टोमॅटोच्या बागेतून येता-जाता थांबून इमारतींचे फोटो बघत होते. "मुंबईची बिल्डिंग जुनी दिसतीय गं. गळत असंल." प्रयागबाईंचं म्हणणं एकच, कॉलेज असं निवड की एस.टी. बदलावी लागू नये. शेवटी आरतीनं तिन्हीकडं अर्ज करायचं ठरवलं आणि तिथूनच सगळं घरंगळायला लागलं.

मुंबईला प्रतिष्ठित व्यक्तीचं शिफारसपत्र हवं होतं. त्यांच्या अवसरी बुद्रुक गावात प्रतिष्ठित व्यक्ती म्हणजे दूध डेअरीचे चेअरमन गेणभाऊ! गेणभाऊंनी पत्र लिहून, शिक्का मारून, पाकीट स्वतःच्या हातानं बंद करून पोस्टात टाकलं. पंधरा दिवसांनी ते अर्जासकट परत आलं. आत लिहिलं होतं: 'सदर कुटुंब गेली अकरा वर्षे नियमित दूध घालीत असून फॅट कधीही साडेतीनच्या खाली आलेली नाही. सबब मुलीस प्रवेश देणेस हरकत नाही.'

मुंबई संपली.

"आता दोन राहिली," आरती म्हणाली. पहिल्या नंबराचा उल्लेख मात्र तिनं या वेळी टाळला.

पुणे आणि नगर, दोघांनाही एक केस लिहून हवी होती. मनानं अडचणीत असलेला, आपण स्वतः पाहिलेला एक माणूस, पाचशे शब्दांत. नाव बदलून, आणि वर 'गोपनीय' असं लिहून. आरती वही घेऊन गावभर फिरली. पण गावात कुणाला काही म्हणजे काही नव्हतं!

"टेन्शन? ते पुण्याला असतंय," गेणभाऊ म्हणाले.

"आमी जेवतो आन् झोपतो. लिव, ठणठणीत!" सावळारामतात्या म्हणाले.

चार दिवसांत वहीत सतरा ठणठणीत माणसं जमा झाली. आरतीला रडू यायचं बाकी होतं. फॉर्मची तारीख तर अंगावर येत होती. शेवटी एका दुपारी ती ओट्यावर बसली, आणि देवाला घाबरत घाबरत तिनं एक माणूस मनानंच तयार केला.

'श्री. क्ष, वय पंचावन्न, शेतकरी. घरी सर्व व्यवस्थित. ट्रॅक्टर घेतल्यावर बैलजोडी विकली. तेव्हापासून रोज दुपारी गोठ्यात, बैलांच्या रिकाम्या दावणीपाशी जाऊन बसतात. कुणी विचारल्यास खुरपे शोधतो आहे असे सांगतात. चारचौघांत खूप हसतात. आपली आता कुणाला गरज उरली नाही, असे त्यांना वाटते. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेले नाही.'

असं पाचशे शब्द! कागद टाइप करून आणायचं काम हौशीरामांनी हौसेनं अंगावर घेतलं. चष्मा घरीच विसरून ते मंचरला भगवंताच्या टायपिंगच्या दुकानात गेले.

"वर काय लिवलंय रं हे?"

"गोपनीय," भगवंता म्हणाला.

"म्हंजी?"

भगवंताच्या पुढ्यात तीन गिऱ्हाइकं उभी होती. "म्हंजी लई महत्त्वाचं!"

झालं! पोरीनं लई महत्त्वाचं काहीतरी लिहिलंय म्हटल्यावर बापानं दोन झेरॉक्स काढायच्या की पंधरा? पुण्याची प्रत आरतीच्या हातात पडली आणि ती स्वतः जाऊन देऊनही आली. बाकीच्या प्रती हौशीरामांनी संध्याकाळच्या दुधाच्या वेळी डेअरीवर वाटल्या. "आमच्या आरतीचा लेख! वाचा, लई महत्त्वाचा हाय." एक तर त्यांनी फॅटच्या तक्त्याशेजारी फळ्यावर डकवून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावळारामतात्या दारात! मिशा थरथरतायत, हातात कागद.

"हौशीरामा, पोरगीला बाहेर काढ! माजी आब्रू फळ्यावर लावलीय तिनं!"

आरतीनं कागद बघितला. "तात्या, हे तुम्ही नाही! देवाशप्पथ नाही!"

"मग खुरप्याचं तुला कुनी सांगितलं? घरात बायकोला ठावं न्हाई!"

प्रयागबाईंनी भांडण थांबवायचा त्यांना ठाऊक असलेला एकमेव उपाय केला, चहा ठेवला. चहा होईपर्यंत तात्या ओट्यावर बसले. बसल्यावर आवाज खाली आला. मग ते हळूच म्हणाले, "सर्जा व्हता गं माजा उजव्या अंगाचा. मी खोकलो तरी वळून बघायचा. आता घरात खोकलो, तर टीव्हीचा आवाज वाढवत्यात." आणि बाराशे क्रेट टोमॅटो काढणारा हा माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागला.

ऐकायचं कसं, हे आरतीला कुणी अजून शिकवलं नव्हतं. म्हणून ती नुसतीच ऐकत राहिली.

तात्या गेले आणि मागच्या दारानं गेणभाऊ आले. चेअरमन, आणि मागच्या दारानं! "माझ्यावर लिवलंस ते लिवलंस, पर वय पंचावन्न कशाला? मला त्रेपन्नावं हाय." मग तेही बसले. दुपारी आणखी दोघं आले, दुसऱ्या दिवशी तिघं. प्रत्येकजण येताना भांडायला यायचा आणि जाताना चहाचा रिकामा कप हातात धरून उगाच उभा राहायचा. एकानं तर सरळ विचारलं, "याच्यावर गोळी कुठली?" आणि आरती काकुळतीला येऊन म्हणाली, "काका, मी अजून नुसता अर्ज केलाय हो!"

तिसऱ्या दिवशी गेणभाऊंच्या मंडळी साळुबाई आल्या आणि दारातूनच कडाडल्या. "बैल गेलं म्हनून बाप्यांचं एवढं लिवलंस! माजी पोरगी नांदायला गेल्यापास्नं मी मोकळ्या पलंगापाशी बसते, ते कोन लिवणार?"

"दूध संपलं," प्रयागबाई आतून म्हणाल्या.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण डेअरीच्या फळ्यावरच्या कागदावर गावानं पेन्सिली चालवल्या होत्या. 'हा सावळाराम!' 'न्हाई, चेअरमन!' 'दोघंबी!' त्यावरून संध्याकाळी डेअरीवर जुंपली. सावळाराम गेणभाऊंकडं बोट दाखवतायत, गेणभाऊ सावळारामकडं, आणि आरतीच्या ओट्यावर येऊन रडून गेलेले बाकीचे पाच जण सगळ्यांत मोठ्यानं हसतायत! कुणीतरी कुणाचा सदरा धरला. दुधाचं एक कॅन आडवं झालं.

आरती धावत गेली. आपण बोललो की सगळं शांत होईल, असं तिला मनापासून वाटलं. ती दगडावर चढून ओरडली, "अहो, श्री. क्ष कुणीच नाही! मी मनानं लिहिलंय! सगळं खोटं आहे!"

खरंच शांत झालं. मग हशा फुटला. "खोटं हाय! आरं, खोटंच हाय!" ज्याला त्याला सुटल्यासारखं झालं. हसले नाहीत ते एकटे सावळारामतात्या. त्यांनी आपलं कॅन उचललं आणि दूध न घालताच ते घराकडं चालायला लागले. आरती मागं धावली.

"तात्या, तुमचं खोटं नाही हो! मी फक्त..."

"तू मनानं लिवलंस," तात्या न थांबता म्हणाले. "म्हंजी मला कुनी वळखलं न्हवतंच. मीच खुळा, येऊन बसलो."

त्या दिवसापासून ओट्यावर कुणी आलं नाही. आरती रस्त्यानं दिसली, की लोक पिकाकडं बघायला लागायचे. साळुबाई पाणवठ्यावर तोंड फिरवून उभ्या राहायच्या. आरतीला जेवण जाईना. ज्या सात-आठ माणसांनी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं, ती तोंडं तिनं एका वाक्यात बंद करून टाकली होती. आणि म्हणे मनोविकार समाजकार्य!

हौशीरामांना फार वाईट वाटलं. पोरीला धीर यावा म्हणून त्यांनी नगरचा राहिलेला फॉर्म परस्पर पाठवून दिला. सोबत केस हवीच. हातातल्या प्रती वाटून संपल्या होत्या, म्हणून त्यांनी डेअरीच्या फळ्यावरची काढून जोडली. चष्मा अर्थात घरी. नगरहून तो कागद उलट टपाली आला, 'हा सावळाराम!' 'न्हाई, चेअरमन!' सकट. खाली लाल शाईनं लिहिलं होतं: 'गोपनीयतेबाबत अर्जदार पूर्णतः अनभिज्ञ दिसतात.'

नगर संपलं. राहिलं पुणे.

पुण्याला मुलाखतीला तिघंजण बसले होते. मधल्या बाई केस वाचत होत्या.

"ही केस खरी आहे?"

खोटं बोलायचं आता आरतीच्या अंगात त्राणच नव्हतं. "मॅडम, लिहिली तेव्हा खरी नव्हती. नंतर झाली."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. "नंतर झाली म्हणजे?"

"माणसं आली. म्हणाली, हा मीच."

"कोण माणसं? नावं सांगा. गावात चौकशी करता येईल."

आरतीच्या जिभेवर नावं होती. वयासकट, बैलांच्या नावासकट! एक नाव घेतलं असतं तरी खताचं दुकान टळलं असतं. तिला पाठमोरे तात्या दिसले, दूध न घालता निघालेले. ती म्हणाली, "नावं नाही सांगता येणार."

बाईंनी कागद मिटला आणि त्या मायेनंच म्हणाल्या, "असं बघा, खेड्यात माणसं एकत्र राहतात, एकमेकांच्या सुखदुःखात असतात. हा एकटेपणा शहरातला आहे. असा शेतकरी नसतो. पण तुमची कल्पनाशक्ती छान आहे हं! मराठीत एम.ए. का नाही करत?"

आठ दिवसांत कार्ड आलं. 'निवड झालेली नाही.' हौशीराम ते उलटंपालटं करून बघत राहिले, मागच्या बाजूला काही चांगलं लिहिलं असेल म्हणून.

जुलैत आरती मामाच्या दुकानात खुर्चीवर बसली. पुढं युरियाची थप्पी, डोक्यावर करकरणारा पंखा, आणि नाकात असा वास की डबा उघडला तरी भाजीला खताचीच चव. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन, असं ती स्वतःला सांगायची. पण आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

आणि एका दुपारी दुकानाच्या पायरीवर सावळारामतात्या उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"काय म्हनले गं पुन्याचे?"

"नाही घेतलं, तात्या."

"का?"

"ते म्हणाले, असा माणूस नसतो."

रस्त्यावरून एक अख्खी एस.टी. धूळ उडवत निघून गेली.

"पुन्यात नसंल," तात्या म्हणाले.

मग त्यांनी युरियाचं एक पोतं हातानं झाडलं आणि त्यावर बसले. आरती काउंटरच्या मागून निघून समोरच्या पोत्यावर येऊन बसली.

आतल्या गोदामातून मामा ओरडला, "आरते, कोन गिऱ्हाईक हाय? काय पायजे त्याला?"

"काही नको, मामा," आरती म्हणाली. "बसलेत."