मधुरा परांडेकरची माहेरची सही

मिरजेजवळच्या एका लोणच्याच्या कंपनीने मधुरा परांडेकरला दिलेली नोकरी, तिने ती स्वीकारल्यानंतर, मागे घेतली आणि तिच्या सहीला कामावर घेतलं.

पत्रात सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. खर्चात कपात करायचं ठरल्यामुळे मधुराची नेमणूक रद्द होत होती. स्वीकारपत्रावरच्या सहीने मात्र सोमवारी पावणेनऊला कंपनीच्या बससाठी चौकात हजर राहावं, असं कळवलं होतं.

मधुरा शाळेच्या प्रयोगशाळेतली नऊ वर्षांची नोकरी सोडून बसली होती. तिथे तिच्या जागी दुसरी बाई रुजूही झाली होती. ती पत्र घेऊन तडक कंपनीत गेली. कर्मचारी विभागाचे कोळेकर साहेब सज्जन गृहस्थ. त्यांनी तिला पाणी दिलं आणि पंखा तिच्याकडे वळवला.

"मॅडम, रागावू नका. गुणवत्ता तपासनिसाचं काम ते काय? प्रत्येक खेपेच्या कागदावर सही. सहीला खुर्ची लागत नाही, चहा लागत नाही, तिच्या घरी पाहुणे येत नाहीत."

"पण सही माझी आहे!"

कोळेकरांनी फाइल उघडून तिच्यापुढे सरकवली. "सही विनया महादेव कुंभोजकर यांची आहे. तुम्ही मधुरा परांडेकर. आम्ही तरी काय करणार?"

आता ही चूक मधुराचीच होती. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हापासून ती मधुरा. पण पदवीचं प्रमाणपत्र विनयाच्या नावाचं. कागद जुळावेत म्हणून तिने चौदा वर्षांनी माहेरची सही ठोकली होती. दहावीच्या फॉर्मसाठी वहीच्या मागच्या पानांवर महिनाभर गिरवून बसवलेली सही. 'य'ला लांब शेपटी आणि खाली दोन टिंबं. हात जरासुद्धा अडखळला नाही, याचं तिला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

सोमवारी सही कामावर रुजू झाली. राहायला ती मधुराकडेच आली, दुसरीकडे कुठे जाणार? वीतभर लांब, निळी, तरतरीत. संध्याकाळी सहाला यायची आणि "दमले गं बाई" म्हणत फ्रिजच्या दारावर टेकायची.

"आज कैरीची एक अख्खी खेप अडवली," ती सांगायची. "मीठ कमी होतं. मोठे साहेब धावत आले खाली."

"वा!" श्रीधर म्हणायचा. श्रीधर मधुराचा नवरा. "अक्षर बाकी वळणदार आहे हं तुझं." मधुराच्या कुठल्याच गोष्टीला त्याने आजवर वळणदार म्हटलं नव्हतं. मधुरा पोळ्या लाटत होती. सहीला पोळ्या लाटायला कोण सांगणार? तिचं लग्न झालेलं नव्हतं.

सांगलीहून आईचा फोन आला. "विनू कशी आहे गं? रविवारी पाठव तिला, थालीपीठ लावते."

"आई, विनू मीच आहे."

"तू आहेसच गं. पण ती बिचारी दिवसभर राबते."

मधुराचा नुसता जळफळाट होत होता. दुसऱ्या कुणा बाईला नोकरी मिळाली असती, तर तिच्या साड्यांना नावं ठेवून मन मोकळं करता आलं असतं. इथे तीही सोय नव्हती. सकाळी बसच्या खिडकीला चिकटून निघालेली आपली सही दिसली, की तिला वाटायचं, ती जागा माझी आहे, आणि डोळ्यांत पाणी यायचं. ते रागाचं होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

शेवटी ती देशिंगकर वकीलबाईंकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमची बाजू भक्कम आहे. त्यांच्या भरवशावर तुम्ही असलेली नोकरी सोडलीत. आपण नोटीस देऊ. फक्त ज्या सहीने नोकरी स्वीकारली, तिचीच सही नोटिशीवर लागेल."

रविवारी सही थालीपिठाला निघायच्या बेतात असताना मधुराने नोटीस तिच्यापुढे धरली. सहीने ती शांतपणे वाचली.

"मुद्दे बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण मी अजून प्रोबेशनवर आहे गं. मला काढा म्हणून मीच सही करू?"

"तुला मी गिरवून गिरवून बसवलंय!"

"हो. आणि मग चौदा वर्षं विचारलंसुद्धा नाहीस."

ती गेल्यावर मधुराने पेन घेतलं आणि कोऱ्या कागदावर स्वतःच विनया कुंभोजकर लिहायला बसली. सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा मधुरा परांडेकर उमटलं.

सहा महिन्यांनी सहीला कायम करायची वेळ आली. फॉर्मवर ओळख देणाऱ्या माणसाची सही हवी होती. ती नसेल तर मुदत संपताच नोकरी जाणार. सहीने फॉर्म ओट्यावर ठेवला आणि पहिल्यांदाच चाचरत म्हणाली, "देशील ना?"

मधुराने फॉर्म तीन दिवस पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवला. सहीची शाई फिकी पडायला लागली. मधुराला ते बघून बरं वाटलं, मग लाज वाटली, मग पुन्हा बरं वाटलं.

चौथ्या दिवशी तिने फॉर्म काढला. वरच्या रकान्यात सहीने आधीच सही केली होती, आणि अशी देखणी की मधुराला बघवेना. ती वर झळकतेय आणि खाली आपला रकाना रिकामा, हे काही तिला सहन होईना. तिने आपली सासरची सही केली. गॅसच्या पुस्तकात अंग चोरून बसणारी ती सही आज या कडेपासून त्या कडेपर्यंत केली, दुप्पट मोठी, खाली झोकदार रेघ मारून. वरची तिच्यापुढे अगदीच पोरकट दिसायला लागली. मधुराला सहा महिन्यांत पहिल्यांदा चहा गोड लागला.

आठ दिवसांनी कोळेकर साहेबांचं पत्र आलं. विनया कुंभोजकर ही सही कायम झाली होती. शिवाय ओळख देणाऱ्या सहीची ठेवण व्यवस्थापनाला फार आवडली होती, म्हणून तिला माल रवानगी विभागात घेण्यात येत होतं. स्वीकार त्वरित कळवावा.

"मी कळवलासुद्धा," मधुराची सही पत्राखालून म्हणाली.

सोमवारी दोघी मिळून निघाल्या. मधुराने सवयीने डबा देऊ का विचारलं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या.

अकरा वाजता कुरिअरवाला आला. खोक्यात कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी कंपनीकडून भेट होती, लोणच्याच्या दोन बरण्या.

"इथे सही करा ताई."

"घरात सही नाहीये," मधुरा म्हणाली. "दोघी कामावर गेल्यात."

"चालतंय की," म्हणत त्याने खिशातून शाईची डबी काढली.

मधुराने अंगठा उठवला. छान उठला, एकेक रेघ स्पष्ट. कुरिअरवाला वाकून बघायला लागला.

"लई सुबक उठलाय हो ताई," तो म्हणाला. "सोडा आता कागद."

मधुराने आधी अंगठा पदरात गच्च गुंडाळला आणि मग कागद सोडला.