वरून दोन, खालून तीन

सुमनबाईंच्या मांडणीवर सात तांबे आहेत. त्यातला सहावा नेहमी आधी वाजतो.

ओझरहून विमान उडालं तरी कॉलनीतली कुत्री कानसुद्धा हलवत नाहीत. गुरुवारी ती दुपारी चार वाजताच उठली आणि एकामागे एक मैदानाकडे चालत गेली.

करुणा अपार्टमेंटच्या यंदाच्या तक्रारवहीत त्रेचाळीस नोंदी आहेत. एकेचाळिसांचं अक्षर एकच.

अकरा वर्षांपूर्वीची बुद्धपौर्णिमा. विहारातल्या खिरीत मीठ.

दुसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात, छताला, पुरीएवढा काळा डाग.

टक. टक. टक.

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सुमनबाई मेथी निवडत बसल्या होत्या. सहावा तांब्या वाजला. मग बाकीचे सहा वाजले. मग खिडकीचं तावदान दात वाजवल्यासारखं वाजलं आणि थांबलं.

"विमान," त्यांचे यजमान सावळीराम पेपरामागून म्हणाले. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. घरात काहीही हललं तरी ते विमानच असायचं. एकदा फ्रिज बिघडून थरथरत होता, तेव्हाही त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं होतं.

"विमान कसलं? बायडी आहे. मसाला कुटतेय."

बायडी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बायडाबाई. त्यांचा काळा मसाला सगळ्या कॉलनीत प्रसिद्ध होता, आणि तो त्या लोखंडी खलबत्त्यातच कुटायच्या, जमिनीवर बसून, नेमक्या सुमनबाईंच्या डोक्यावर. एके काळी त्या मसाल्यातली पहिली वाटी सुमनबाईंना यायची. मग खिरीत मीठ पडलं. कोणी टाकलं ते आजवर ठरलं नाही. त्या दिवसापासून दोघींनी बोलणं टाकलं.

पण व्यवहार होता. वर कुटणं सुरू झालं की सुमनबाई धुणं वाळत घालायची काठी घेऊन छतावर तीनदा ठोकायच्या. तीन म्हणजे 'बंद कर.' वरून बत्त्याने दोन यायचे. दोन म्हणजे 'करत नाही.' मग सुमनबाई खाली नवनाथच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तक्रारवहीत नोंद करायच्या. नवनाथ सोसायटीचा सेक्रेटरीही होता. अकरा वर्षांत वेळापत्रक चुकलं नव्हतं.

सुमनबाईंनी काठी उचलली.

टक, टक, टक.

वरून आलं: टक, टक.

"बघितलं? लाज आहे का?" सुमनबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मांडीवरची मेथी आपणहून सरकून खाली गेली.

या वेळी आवाज आधी आला. जमिनीखालून कोणी जड कपाट ओढत नेत असावं तसा. मग सगळं हललं. भिंतीवरची तसबीर एका कडेला झुकली. पंखा बंद असून फिरला. सावळीरामांनी पेपर खाली घेतला.

"अगं," ते हळू आवाजात म्हणाले, "विमान खालून जात नाही."

*

तक्रारवही. नोंद ४१: सोमवार, ४.१०. वरून कुटणे. तीन ठोकले, दोन आले.
नोंद ४२: मंगळवार, ४.१०. तेच.
नोंद ४३: बुधवार, ४.१०. तेच. सेक्रेटरी काय करतात?

*

सेक्रेटरी जिन्याखाली उभा राहून "भूकंप! भूकंप!" असं ओरडत होता. नाशिकमध्ये पूर कसा बघायचा हे सगळ्यांना ठाऊक आहे. भूकंपात काय करायचं ते करुणा अपार्टमेंटमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. कोणी प्रेशर कुकर घेऊन खाली आलं होतं, कोणी नुसतं झाकण. पहिल्या मजल्यावरच्या मोहिनीने अर्धी मेंदी लावलेला हात वर धरला होता. एप्रिलचं ऊन होतं, म्हणून सगळे आवारातल्या एकमेव सावलीत दाटीवाटीने उभे राहिले. ती सावली पाण्याच्या उंच टाकीची होती.

"टाकीखाली नका थांबू!" सावळीराम म्हणाले.

"मग काय उन्हात मरू, काका?" मोहिनीने विचारलं.

नवनाथने मेंटेनन्सची यादी काढून माणसं मोजली. नावं वाचली. सगळे हजर होते. एक सोडून.

"बायडाबाई?"

सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. बायडाबाई एकट्या राहायच्या, आणि त्यांना जिना उतरायला दहा मिनिटं लागायची.

"फोन लावा ना त्यांना."

नवनाथने लावला. लागेना. सगळं नाशिक त्या घटकेला एकमेकांना 'तुमच्याकडे जाणवलं का' एवढंच विचारत होतं.

"ती वर आहे," सुमनबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात अजून काठी होती. "आत्ताच तिनं दोन ठोकले. हलण्याच्या आधी."

"मग उतरल्या का नाहीत?"

सुमनबाईंनी तिसऱ्या मजल्याच्या बंद खिडकीकडे पाहिलं. मैदानाकडे गेलेली कुत्री तिथूनच, एकाही आवाजाविना, इमारतीकडे बघत बसली होती.

"मी जाते."

"अगं, कुठे? पुन्हा हललं तर?"

"भांडायला चाललेय," असं म्हणून त्या जिना चढायला लागल्या, एका वेळी दोन पायऱ्या. अकरा वर्षांत इतक्या घाईने त्या कोणाशीच भांडायला गेल्या नव्हत्या. त्यांच्या मागे नवनाथ, आणि त्याच्या मागे गुडघ्यावर हात ठेवून सावळीराम.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

"चला खाली," नवनाथ म्हणाला. "काकू, कुलूप बाहेरून आहे. माणूस आत कसा असेल?"

"तिचा भरवसा नाही. मला चकवायला बाहेरून कुलूप लावून आत बसली असेल."

"मग आत गेल्या कशा?"

"तेच तिला विचारते."

सुमनबाईंनी काठी फिरवून दारावर ठोकलं. जरा जोरातच.

टक, टक, टक.

जिन्यात नळाचं पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. मग कुलूपबंद दाराच्या आतून, जमिनीजवळून, आलं:

टक, टक.

नवनाथ दोन पायऱ्या खाली उतरला. उतरल्याचं त्याचं त्यालाही कळलं नाही. सावळीरामांनी सवयीने वर पाहिलं, पण वर गच्चीच होती.

"पडली आहे ती," सुमनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "जमिनीवर पडली आहे, उठता येत नाहीये. नवनाथ, हातोडा आण. फोड कुलूप."

"काकू, दुसऱ्याचं कुलूप फोडायला ठराव लागतो."

"जनरल बॉडी टाकीखाली उभीच आहे. घे पास करून!"

नवनाथने खरोखरच जिन्याच्या खिडकीतून ओरडून विचारलं. खालून हात वर झाले. मोहिनीचा मेंदीचा हात आधीच वर होता. तोही मोजला गेला.

चौथ्या घावाला कुलूप तुटलं.

सुमनबाईंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. भूकंप असला तरी दुसऱ्याच्या घरात चपला घालून कसं जायचं? आत पडदे ओढलेले होते. उन्हाळ्याच्या बंद घराचा उबट वास, आणि त्याखाली काळ्या मसाल्याचा. "बायडे," त्यांनी हाक मारली. "अगं बायडे!" पलंगावर चादर नीट घातलेली. मोरीत कोणी नाही. स्वयंपाकघरात जमिनीवर जुना पेपर, आणि त्यावर खलबत्ता उपडा घातलेला. सुमनबाईंनी त्यावर बोट फिरवलं. धुळीत स्वच्छ रेघ उमटली.

त्याला कोणी हात लावला नव्हता. आज नाही, कालही नाही.

शेजारी फरशीला पुरीएवढा झिजलेला खळगा होता. सुमनबाई त्याकडे बघत राहिल्या. बरोबर त्याच्याखाली, त्यांच्या छताला, काठीचा डाग होता.

तेवढ्यात नवनाथच्या खिशातला फोन वाजला आणि तिघांनीही एकमेकांचे हात धरले.

"जयभीम, नवनाथ! मी बायडाबाई. आमच्या अंजलीच्या फोनवरून बोलतेय, कळवणवरून. तिकडं हललं म्हणे? माझं घर बघितलं का?"

"बघतोय," नवनाथ म्हणाला. "म्हणजे... आतूनच बघतोय."

"आतून? आणि कुलूप?"

"फोडलं."

"कोणी?"

नवनाथने फोन सुमनबाईंकडे दिला, जळतं लाकूड दुसऱ्याच्या हातात द्यावं तसा.

"मी," सुमनबाई म्हणाल्या.

पलीकडे फोन या कानावरून त्या कानाला गेल्याची खरखर आली.

"सुमे?"

"तू गेलीस कधी?"

"सोमवारी सकाळी. डोळे तपासायला लेकीकडं आलेय चार दिवस."

"सोमवारी? मग सोमवारपासून रोज मला दोन कोण ठोकतंय?"

पलीकडे एक दार लोटलं गेलं. मग बायडाबाई बोलल्या, जवळच्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"हे बघ, हसू नको. इथं अंजलीच्या स्वयंपाकघरात रोज दुपारी फरशीतून तीन येतात. टक टक टक. अंजली म्हणते, आई, भास आहे, डोळ्यांबरोबर कानही तपासून घेऊ. मी काय करणार? हात थांबत नाही गं. लाटणं उलटं धरते आणि दोन ठोकते."

सुमनबाई खाली बसल्या. खळग्याच्या शेजारी, धुळीतच.

"आजही ठोकलेस?"

"दोनदा. दुसऱ्या वेळी तीन जरा जोरात आले. म्हटलं, आज सुमी जास्तच चिडलीय."

"मी चिडले नव्हते," सुमनबाई म्हणाल्या. पदराने त्यांनी खलबत्त्यावरची उरलेली धूळ पुसली. "परत कधी येतेस?"

"रविवारी."

"येताना कळवणच्या बाजारातून मिरची घेऊन ये. माझा काळा मसाला संपलाय."

"कुटावा लागेल."

"मग कुट की! अडवलंय कोणी?"

रात्री बातम्यांत सौम्य धक्का म्हणून सांगितलं, घाबरण्याचं कारण नाही म्हणून सांगितलं. सावळीराम आता कुठलाही आवाज आला की आधी फरशीकडे बघायला लागले. नवनाथने तक्रारवहीत ठराव चिकटवला: कुलूप फोडणे, एकमताने मंजूर. बायडाबाईंच्या दाराला सुमनबाईंनी स्वतःच्या घरातलं कुलूप लावलं. चाव्या दोन होत्या; एक त्यांनी आपल्याकडे ठेवली.

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी काहीही हललं नाही. सातही तांबे गप्प होते. सुमनबाईंनी थोडी वाट पाहिली. मग काठी घेतली, तिच्या टोकाला फडकं गुंडाळलं, आणि झोपलेल्या माणसाला उठवावं तितक्या हळू छतावर तीनदा ठोकलं.

टक. टक.

त्या सोमवारी सकाळी कळवणची एसटी गाठण्याआधी बायडाबाईंनी, जातेय एवढं सांगायला, सुमनबाईंच्या दारावर दोनदा ठोकलं होतं. तेव्हा आत मिक्सर चालू होता.