मोजायची माणसं

एझ्राकाकांच्या गाडीचे दिवे विझत नव्हते. ते मी विझवले आणि गाडी बंद पाडली. वर्षातल्या ज्या एका सकाळी ती बंद पडून चालणार नव्हती, नेमकी त्या सकाळी.

पण आधी एझ्राकाकांविषयी. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पूर्ण नाव एझ्रा वाकरूळकर. नुसतं आडनाव ऐकलं की लोक म्हणतात, "अरे वा, आपले कोकणातले!" आणि नाव ऐकलं की विचारतात, "म्हणजे नक्की कुठले?" काका दोन्ही वेळा एकच उत्तर देतात, "पनवेलचे." ते बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणारे यहुदी. एकेकाळी या भागात त्यांची बऱ्यापैकी वस्ती होती. हळूहळू एकेक घर इस्राएलला गेलं. काका राहिले, आणि त्यांना माणसं मोजायची सवय लागली.

त्याला कारण आहे. मेलेल्या माणसासाठी त्यांच्याकडे कादीशची प्रार्थना म्हणतात, आणि ती दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. दहा म्हणजे दहा, आणि तेही यहुदीच. नऊ यहुदी आणि एक फार चांगला शेजारी, असं चालत नाही. आता आसपासच्या गावांत मिळून असे पुरुष उरलेत ते काका धरून दहाच. सगळे सत्तरीपलीकडचे. बाकीच्या नऊ जणांची काका फार काळजी घेतात. आई मुलाची घेते तशी नव्हे, रिक्षावाला टायरची घेतो तशी.

"विचुंब्याचा सॅम्सन चालू आहे ना?" असं ते फोनवर विचारतात. मग मला सांगतात, "पेणचा एलिया खोकतो, पण चालू आहे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सगळी लबाड माणसं दिसतायत.

उरणच्या बेंजामिनला साखरेचा त्रास. त्याच्या नातीच्या लग्नात काका जेवणाच्या टेबलाशी त्याच्या मागे उभे होते. त्याचा हात जिलबीकडे गेला की काका कानाशी वाकून एवढंच म्हणायचे, "बेंजामिन, नऊ." तो हात मागे घ्यायचा.

आमच्या सोसायटीत याकूब नावाचा वॉचमन लागला तेव्हा काका दोन दिवस हवेत होते. तो निघाला भिवंडीचा मुसलमान. तरी काका अजून रोज त्याला ब्लडप्रेशर विचारतात. याकूबला वाटतं, सोसायटी फार चांगली आहे.

या मोजणीवर मोझेलकाकू, म्हणजे त्यांची बायको, खूप हसायच्या. "ह्यांचं लग्न माझ्याशी नाही झालेलं, त्या नऊ म्हाताऱ्यांशी झालंय," म्हणायच्या, आणि त्याच म्हाताऱ्यांना बोलावून पोटभर जेवू घालायच्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. पोटात गाठ होती, कळली तेव्हा फार उशीर झाला होता. मुलगी तिकडे इस्राएलमध्ये, अश्दोदला. ती येऊन पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. दफनभूमीत काका रडले नाहीत. फाटकाकडे बघत माणसं मोजत होते. दहावा आत आला तेव्हा कफनाकडे वळून म्हणाले, "झाले गं मोझेल," आणि कादीश सुरू केली.

तर त्या सकाळी काकूंचं पहिलं वर्ष होतं, आणि त्या दिवशीही कादीश म्हणायची असते.

काकांनी उजाडल्यापासून गाडीतून एकेक म्हातारा गोळा केला होता. आठ जण पनवेलच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, बसले होते. काका नववे. फक्त उरणहून बेंजामिनला आणायचं बाकी होतं, त्याला एकट्याला प्रवास झेपत नाही; आणि घाई होती ती सॅम्सनमुळे. त्याचं दुपारी डायलिसिस असतं. त्याच्या आत दहा व्हायला हवे होते.

गोळी घ्यायला म्हणून काका मिनिटभर घरी थांबले. गाडी बंद केली, किल्ली काढली, तरी पुढचे दोन्ही दिवे भर उन्हात ढणढण जळतच राहिले.

"सुधीर!" काकांनी खालून हाक मारली. "दिवे विझत नाहीत रे. जाऊ का तसाच?"

माझ्याकडे गाडी नाही. त्यामुळे गाडीदुरुस्तीचे व्हिडिओ बघायला मला भरपूर वेळ मिळतो. "मुळीच नाही!" मी गॅलरीतून ओरडलो. "बॅटरी उतरेल, उरणच्या रस्त्यात अडकाल!"

आणि चपला न घालताच खाली धावलो.

दिव्यांचा दांडा वरखाली करून पाहिला. किल्ली लावली, काढली. दारं लॉक केली, उघडली. दिव्यांवर काडीचा परिणाम नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "काका, आज काकूंचा दिवस, आणि दिवा विझत नाही. याला काहीतरी अर्थ..."

"तिचा दिवा तेलाचा. तो घरात लावून आलोय," काका म्हणाले. "हा बारा व्होल्टचा आहे. बघ पटकन."

मी बॉनेट उघडलं. तिथे एका डबीत काळे चौकोनी ठोकळे असतात, त्यांना रिले म्हणतात. आपण बटण दाबलं की रिले आतल्या आत जोडला जातो आणि दिव्यांना वीज देतो. आतून तो चिकटून बसला, तर बटण बंद करूनही वीज जातच राहते. हे मी काकांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आता हॉर्नचाही रिले अगदी असाच असतो," मी म्हणालो. "दोघांची अदलाबदल करायची. दिवे विझले, तर दोष रिलेचाच."

केली अदलाबदल. दिवे विझले. आणि हॉर्न सुरू झाला.

तो थांबेना. माझं निदान शंभर टक्के बरोबर होतं. चिकटलेला रिले आता हॉर्नच्या जागी बसला होता आणि तिथेही चिकटलेलाच होता. गॅलऱ्या माणसांनी भरल्या. याकूब धावत आला. वरून आमची ही ओरडली, "अहो, सोडा ती गाडी! हात काढा आधी!"

हात काढण्याऐवजी मी घातला. घाबरून हाताला लागेल तो रिले उपसला, मग दुसरा, मग तिसरा. हॉर्न थांबला तेव्हा माझ्या ओंजळीत काळ्या ठोकळ्यांचा ढीग होता. सगळे एकसारखे. कुठला कुठे होता ते दाखवणारं झाकणावरचं चित्र केव्हाच पुसलं गेलं होतं. मी अंदाजाने एकेक बसवला.

काकांनी किल्ली फिरवली. टक्क असा आवाजसुद्धा आला नाही.

"चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उतरले, दार हळूच लावलं आणि रस्त्यावर रिक्षाला हात केला. मी त्यांच्या मागोमाग आत शिरलो. त्यांनी मला उतर म्हटलं नाही.

बेंजामिन दाराबाहेर खुर्ची टाकून, बूट घालून, डोक्यावर टोपी ठेवून तयार बसला होता. "एवढा उशीर?" तो म्हणाला. "मला वाटलं तू पन गेलास." मग माझ्याकडे पाहून, "हा कोन?"

"शेजारी," काका म्हणाले. "गाडी यानेच नीट केली."

आम्ही तिघे रिक्षात कोंबून निघालो. द्रोणागिरीच्या अलीकडे बंदराकडचे कंटेनरवाले ट्रेलर एकामागे एक उभे होते. पुढे काय झालंय ते दिसतही नव्हतं. ड्रायव्हर लोक खाली उतरून तंबाखू मळत होते. तेवढ्यात सॅम्सनचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकर लावतात.

"एझ्रा, कुठे आहेस?"

"द्रोणागिरी. ट्रेलर लागलेत."

"बरं. मी थांबतो. दवाखान्यात कळवतो, उद्या येतो म्हणून."

"मागे एकदा चुकवलंस तेव्हा काय झालं होतं? श्वास घेता येत नव्हता."

"एक दिवस रे. मोझेलसाठी थांबतो. तिच्या हातचं किती खाल्लंय मी."

बेंजामिनने काकांकडे पाहिलं, मी ट्रेलरच्या चाकाकडे.

"सॅम्सन, निघ," काका म्हणाले.

"अरे, मग दहा कसे व्हायचे?"

"नाही व्हायचे. तू रिक्षात बस. आत्ता. आणि बसलास की एलियाला सांग मला फोन करायला. तुझा भरवसा नाही मला."

पाचेक मिनिटांनी एलियाचा फोन आला, सॅम्सन गेला. काकांनी फोन खिशात ठेवला आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले. तो बराच वेळ स्वच्छ होईना.

"एक सांग," बेंजामिन मला म्हणाला. हा जन्मभर गॅसच्या प्लांटवर फिटर होता. "दिवे विजत नव्हते. बरोबर? गाडी चालत होती. बरोबर? मग तशीच आनायची ना. इंजिन चालू असताना बॅटरी उतरत नाय."

रिक्षा हलली तेव्हा कुणाला घाई उरली नव्हती.

सिनेगॉगमध्ये सात म्हातारे वाट बघत बसले होते. आम्ही शिरताच सगळे उभे राहिले, आणि मग कुणीही न सांगता परत बसले. काकांनी तिथल्या दिव्यात तेल घातलं. कादीश नाही, पण दाविदाची स्तोत्रं कितीही जणांनी वाचता येतात, ती वाचायचं ठरलं. मी डोक्याला रुमाल बांधून दारातच उभा होतो. कुठेतरी वेडी आशा होती की देवाची नजर अधू असेल आणि घाईत तो मला धरून मोजेल.

काका उठून माझ्यापाशी आले. डोक्यावरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. कपाटातून एक छोटी गोल टोपी आणून माझ्या डोक्यावर बसवली, दंडाला धरून आत नेलं आणि स्वतःशेजारी बाकावर बसवलं. मला एकदम भरून आलं.

"ह्याला कशाला आत घेतलास?" बेंजामिन मोठ्याने म्हणाला. "हा मोजायचा नाय."

काका पुस्तकातलं पान शोधत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण बाहेर मोकळा सोडला तर आणखी कुणाची तरी गाडी उघडेल."