उतेकर मॅडम आणि ओल्या मातीतली लाट

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसं पाणी मागतात. उतेकर मॅडम माती मागायच्या. त्यांच्या पिशवीत श्रीखंडाचे रिकामे डबे कायम असत. एकदा दासगावला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो, तर बाई मांडवामागे उकिडव्या बसून उलथण्याने जमीन उकरताहेत! डब्यावर 'दासगाव, नदीकाठ, कार्तिक' अशी चिठ्ठी चिकटवली, हात धुतले आणि पंगतीत येऊन बसल्या. नवऱ्यामुलाची आजी माझ्या कानाशी लागली, "बाई करनी करते काय वो?"

करणी नव्हती, भौतिकशास्त्र होतं. महाडच्या आमच्या कॉलेजात मॅडम तो विषय शिकवायच्या आणि मी ग्रंथपाल होतो. त्यांचं गाव म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगरातली बारा घरांची वाडी. तिथून मुंबईला जाऊन पीएच.डी. झालेल्या त्या एकट्याच. लग्न केलं नाही. महाडात दोन खोल्या आणि मेसचा डबा, एवढाच संसार.

अचूकपणाचं वेड भारी. "मॅडम, महाडात पाऊस आहे का हो?" असं फोनवर विचारलं, तर उत्तर येई, "कॉलेजच्या छपरावर आहे. महाडात आहे असं म्हणता येणार नाही."

त्यांचं संशोधन मला समजावं म्हणून त्यांनी एकदा अख्खी मधली सुट्टी खर्च केली.

"महाडिक सर, वरात निघाली समजा. पुढे पोरं, मध्ये बायका, मागे म्हातारी मंडळी. डांबरी रस्त्यावर सगळे एका चालीने जातात. चिखलात शिरले की?"

"घसरतात."

"प्रत्येकाची चाल वेगळी होते! पलीकडे निघते ती वरात नाही, नुसती पांगापांग. रेडिओलहरींचं ओल्या मातीत हेच होतं. मी ते संगणकात बघते. जमिनीचे बारीक चौकोन पाडायचे, वेळेचे बारीक तुकडे करायचे आणि लाट एकेक पाऊल पुढे सरकवायची. पण ओली माती झालेलं लगेच विसरत नाही. म्हणून दर पावलाला मागचा हिशेबही बरोबर न्यावा लागतो."

"म्हणजे आमच्या वहिनींसारखी," मी म्हणालो. मॅडम हसल्या नाहीत. वहीत बघत म्हणाल्या, "वहिनींबद्दल माझ्याकडे माहिती नाही."

ही लाट ग्रंथालयातल्या जुन्या संगणकावर आठ-आठ दिवस चाले. वर पाटी होती, 'हात लावू नये. लाट चालू आहे.' एकदा आमच्या शिपायाने, सखारामने, केर काढताना बटणच बंद केलं. सहा दिवसांची लाट गेली. सखाराम घाम पुसत उभा. मॅडम फक्त "पहिल्यापासून" म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. तेव्हापासून सखारामने त्या कोपऱ्यात केर काढणंच सोडलं. महिन्याभरात संगणकाखाली कोळ्यांनी संसार थाटला.

वाडीवर मॅडमची आई एकटी राहायची. निम्मी वाडी मुंबईला गेलेली, घरामागे उभा डोंगर. मॅडम दर सुट्टीत "महाडला चल" म्हणायच्या आणि आई दर सुट्टीत विचारायची, "न् म्हस कोन बघंल?"

एका पावसाळ्यात मॅडमनी मुंबईच्या त्यांच्या जुन्या सरांकडून जमिनीत लाट सोडणारं यंत्र दोन दिवसांसाठी आणलं. बाळाच्या ढकलगाडीसारखं दिसायचं. मीही बरोबर वाडीवर गेलो. डोंगराच्या उतारावर, भर पावसात, मॅडम ती गाडी ढकलताहेत आणि मी मागून छत्री धरतोय. एक म्हातारा थांबून बघत राहिला. म्हणाला, "पानी बघताव काय विहिरीला? वरूनच पडतंय की हो."

पुढे बारा दिवस संगणक चालला. तेराव्या दिवशी मॅडम मला घेऊन पुन्हा वाडीवर गेल्या. आई ओटीवर तांदूळ निवडत होती.

"आई, डोंगरात फार पाणी मुरलंय. इथं राहू नकोस."

"यंत्रानं सांगितलं?"

"हो."

"नक्की?"

मॅडमनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "नक्की," म्हणाल्या.

आईने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, लेकीकडे नीट पाहिलं आणि लुगडी बांधायला घेतली. म्हैस शेजारच्यांकडे गेली.

पुढची चार वर्षं मॅडमच्या घरी रोज एकच संवाद.

"कुटं पडला गो तुजा डोंगर?"

"नाही पडला अजून."

"मंग माजी म्हस कशाला सोडवलीस?"

मॅडम मान खाली घालून भाकरी खायच्या. मेसचा डबा बंद झाला. गाल वर आले. श्रीखंडाच्या डब्यांत आईने लोणचं भरलं आणि 'तुडील, भातखाचर' अशी चिठ्ठी असलेल्या डब्यातून मी कितीदा कैरीची फोड खाल्ली.

गेल्या वर्षी आई गेली. मी भेटायला गेलो. मॅडम आता निवृत्त. म्हणाल्या, "महाडिक सर, तेव्हा उत्तर आलंच नव्हतं. माती इतकी ओली आणि चिकट, की लाट आत गेली ती आतच विरली. परत काही आलं नाही. डोंगर पडेल असं निघत नव्हतं, पडणार नाही असंही नाही."

"मग 'नक्की' कसं म्हणालात?"

"घरी आल्यावर बोलायला कुणी नसायचं हो."

मला तेव्हा राहवलं नाही. एकदा मॅडम औषध आणायला गेल्या असताना आई मला म्हणाली होती, "लगीन होऊन आले तवापासून त्या डोंगराखाली हाय मी. त्याला काय बी झालेलं नाय. पन पोरगी माज्याशी खोटं बोलली. कदी बोलत नाय ती. म्हटलं, लयच एकटी पडली असंल. तिला सांगू नका."

मी सांगितलं. मॅडम माझ्याकडे वळल्या.

"मग रोज म्हशीवरून मला का बोलायची?"

"तुम्हाला संशय येऊ नये म्हणून."

मॅडम एकदम हसल्या. मग "चहा टाकते" म्हणून आत गेल्या. बराच वेळ आतून भांड्याचा आवाज आला नाही. मी हाक मारली नाही.