राजाबरोबर पेटीही गेली!

"वाजपाचा टेन्शन सोडा! ह्यात सहाशे ताल आसत!" धारगळच्या जत्रेच्या नाटकाआधी सगुणने नव्या पेटीवर थाप मारत नाटकमंडळींना छातीठोकपणे सांगितलं. सहाशेतला एकच त्याला नीट वाजवता येत होता, ही गोष्ट वेगळी!

यंदा त्याची बायको गौरवी पहिल्यांदाच रंगमंचावर गाणार होती. राजा मेल्यावर राणीचा विलाप! तीन महिने भाकऱ्या थापतानाही ती तोच आळवत होती. तिच्यासाठी सगुणने म्हापशाहून इलेक्ट्रॉनिक पेटी आणली, फार स्वस्त नाही, फार महाग नाही. त्याला फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवता येत. गौरवीच्या सुरासाठी बटण दाबून सगळ्या पेटीचा सूर खाली उतरवायचा, संथ ताल लावायचा, झालं! खोड एकच. बंद केली की पेटी सगळं विसरायची.

"मगे बंद करतलो कोण?" सगुण हसला.

राजा होते प्रमोद मास्तर. "माझ्या मरणात टिंगटिंग नको हां!" त्यांची ताकीद होती. त्यांचं मरण पंचक्रोशीत गाजलेलं. लोक जत्रेतलं गोड खाजं विकत घेऊन परत यायचे, तरी राजाचा श्वास चालूच!

नाटकात मास्तर मरायला लागले, तसा सगुण सूर-ताल लावून हात बांधून बसला. अर्धा तास कोणी हात लावला नाही की ही पेटी वीज वाचवायला आपणहून झोपते, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

राजा गेला. गौरवीने हंबरडा फोडला. सगुणने पट्टी दाबली. आवाजच नाही! "प्लग कोणी काडलो?" प्लग तर जागेवर! घाईने बटण दाबून त्याने पेटी चालू केली, ताल सुरू केला, आणि प्रेताशेजारी धडाडधूम नाचाचा ताल! तो थांबवायला ताल संपवायचं बटण दाबलं, तर पेटीने आधी वरातीसारखी जंगी सलामी दिली आणि मगच थांबली.

"वन्स मोअर!" मांडावर जमलेल्या प्रेक्षकांच्या शिट्ट्या!

वन्स मोअर म्हणजे मास्तरांना देवाची आज्ञा. राजा उठला, धोतर सावरलं आणि पहिल्यापासून मरायला लागला!

सगुणने पुन्हा सूर उतरवला, ताल लावला, वायर पायाखाली दाबून धरली. आता कोण काढतो बघू! मास्तरांचं भाषण संपलं आणि राजा व पेटी एकदमच गेली. मांडावरचे दिवे चालू, पंखे चालू, मग हिलाच काय झालं? गोंधळलेल्या सगुणने पेटी उठवून सूर दिला, तो इतका चढा की गौरवीच्या तोंडून किंकाळीच निघाली!

तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि पेटीशिवायच गायली. खाज्याचे दुकानदारसुद्धा गप्प झाले. टाळ्या थांबेनात!

सगुणला भरून आलं. पडद्यामागे जाऊन तो म्हणाला, "बघितलंस? शेवटी जमला मा?"

गौरवीने डोक्यावरचा मुकुट काढला.

"फुडल्या वर्सा तुमी राजा व्हा," ती म्हणाली. "मरून पडा, आनी कशाकच हात लावू नकात!"