मऊ टोप्या

मोहियोद्दीन उस्तादांनी चहाचा घोट घेतला आणि तो तसाच तोंडात धरून ठेवला. समोरच्या फळीवर टोप्यांचे, म्हणजे काडतुसाच्या बुडाला बसणाऱ्या, ठोका बसला की पेटणाऱ्या वाटीएवढ्या चिमुकल्या टोप्यांचे, दोन डबे होते. लाल झाकणाच्या डब्यात कडक टोप्या, पिवळ्या झाकणाच्या डब्यात मऊ. निदान त्यांची तरी तशी समजूत होती. आज लाल डबा अर्धा झालेला दिसत होता, आणि त्यातली प्रत्येक टोपी मऊ होती.

"वहिदा! फळीला कोनी हात लावला?"

"मैंच लगाई," आतून बायको म्हणाली. "इत्ती धूल थी जी! परसों सब डब्बे पुसून झाकनं लावली. क्यूं, बुरा दिखरा?"

म्हणजे झाकणांची अदलाबदल झाली होती! उस्तादांनी घोट कसाबसा गिळला.

औरंगाबादेत शहागंजात त्यांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. पोलीस ॲक्शननंतर बाहेरची काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हापासून उडालेल्या काडतुसांत नवी दारू आणि बुडाला नवी टोपी बसवून देण्याचं कामही ते करत. गंगापूरचे तात्यासाहेब कालच त्या लाल झाकणाच्या डब्यातल्या टोप्या बसवून आपली काडतुसं भरून घेऊन गेले होते. त्यांची रायफल साधी असती तर उस्तादांनी चहा संपवला असता. पण ती होती स्वतःच गोळी आत ओढणारी. तिचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा लोखंडी दट्ट्या, असा दणकन मिटायचा, की टोपी मऊ असली तर त्या दणक्यानंच पेटायची. चाप ओढायची गरजच नाही. आणि तात्यासाहेब रायफल भरताना नळी कुठं आहे ते बघत नसत. ते समोरच्या माणसाशी बोलत असत.

उसात डुकरं माजली होती आणि शिकार आजच होती.

उस्ताद चपला घालता घालताच मोटार स्टँडकडे पळाले. पडेगावच्या पुढं मोटार तापली, तेव्हा ड्रायव्हरच्या आधी तेच उतरून पाणी शोधायला धावले. गंगापूरहून बैलगाडी मिळाली, पण बैल फारच विचारी होते. शेवटी उस्ताद उतरून गाडीच्या पुढं चालायला लागले. वाटेत कुठं दूरवर दार आपटलं तरी ते थबकून कान द्यायचे. लक्ष्मीबाईंचा, म्हणजे तात्यासाहेबांच्या मंडळींचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. दर ईदला न चुकता गुळाची ढेप पाठवणारी बाई!

उसाच्या बांधावर पोचले तेव्हा पलीकडून तात्यासाहेबांचा गडी फकिरा आणि हाकारे डबे बडवत निघाले होते. तात्यासाहेब रायफल मांडीवर घेऊन बसले होते. हात बोल्टकडे चालला होता, आणि नळी शेजारच्या पाहुण्याच्या पोटाकडे होती.

"थांबा!" उस्ताद ओरडले.

"आरं! उस्ताद? तुमी हितं? काय झालं?"

उस्ताद खरं सांगणारच होते, तेवढ्यात पाहुण्यानं डोक्यावरची हॅट काढली. हे तर कचेरीतले परवाने बघणारे साहेब!

"या उस्ताद," साहेब प्रेमानं म्हणाले. "तुमच्या दुकानाचा परवाना माझ्याच टेबलावर आहे. सोमवारी सही करतो."

उस्तादांच्या तोंडातलं खरं जागीच विरघळलं.

"काय नाय," ते म्हणाले. "शिकार बघायला आलतो."

"डुकराची?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"...लांबून बघतो म्हनलं."

तात्यासाहेबांना भरून आलं. "बघा साहेब! निस्तं आपली काडतुसं कशी चालत्यात ते बघाया मानूस एवढ्या उनाचा आला! उस्ताद, आज पयली गोळी तुमच्या हातानं. न्हाय म्हनू नगा."

रायफल उस्तादांच्या हातात आली, तसा त्यांचा जीव थोडा खाली बसला. निदान नळी आता आपल्या ताब्यात होती. सगळी काडतुसं रुमालात बांधून पळून जावं, असं एकदा मनात आलं. पण तात्यासाहेब "घाला की आत, घाला!" म्हणून मागं लागलेले, आणि साहेब कौतुकानं पाहत होते.

"समदे माझ्या मागं या," उस्ताद म्हणाले. "आनखी मागं. साहेब, तुमी बी." मग त्यांनी एकच काडतूस आत घातलं, नळी पायापुढच्या भुसभुशीत ढेकळांकडे वळवली, मनातल्या मनात अल्लाचं नाव घेतलं आणि बोल्ट सोडला.

धडाड्!

ढेकळं उडाली. साहेबांची हॅट मातीनं भरली. उसातून डुकरांचा अख्खा कळप बाहेर पडला आणि शेजारच्या आप्पासाहेबांच्या मक्यात घुसला. हाकाऱ्यांचे डबे बंद पडले.

"चापाला बोट लागलं न्हाय," तात्यासाहेब हळूच म्हणाले. मग मोठ्यानं, "साहेब, बघितलं का? बोट लागलं न्हाय! आपोआप उडाली!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. परवाना गेला तर गेला. उस्तादांनी रायफल खाली ठेवली आणि हात जोडले.

"तात्यासाहेब, चूक झाली माझी. टोप्या मऊ पडल्या. ह्या काडतुसानं मानूस मरंल. म्हनून पळत आलो मी. शिकार-बिकार काय नाय."

उस्तादांनी डोळे मिटून घेतले. मग साहेब हसायला लागले.

"वा! खरा कारागीर आपली विद्या अशीच लपवतो."

"इद्या न्हवं साहेब, चूक हाय!"

"व्हय व्हय, चूक," तात्यासाहेबांनी डोळा मारला. "म्हंजे दुसऱ्यानं कुनी मागू नये. आता आमी काय येडे हाव का? आना ती रायफल हिकडं, म्या बी बघतो कशी उडती."

"अल्लाची आन घेऊन सांगतो, खरं हाय!"

"आन बी घेतली बघा," तात्यासाहेब साहेबांना कौतुकानं म्हणाले, आणि काडतुसाकडे हात नेला.

उस्ताद मधे घुसले. खरं बोलून झालं होतं, शपथ घेऊन झाली होती. आता उरलं होतं ते एकच.

"कच्ची हायत!" ते ओरडले. "काडतुसं कच्ची हायत अजून. मुरायची हायत."

तात्यासाहेबांचा हात थांबला. "मुरायची? लोनच्यावानी?"

"तसंच. आता वापरली तर गुन जाईल."

"मंग आधी सांगायचं न्हाय का!" तात्यासाहेबांनी सगळी काडतुसं गोळा केली, स्वतःच्या उपरण्यात बांधली आणि गाठोडं दोन्ही हातांनी उस्तादांच्या पुढं धरलं. "न्या. चांगली मुरवा. घाई न्हाय आपल्याला."

दुकानात परत आल्यावर उस्तादांनी दार लावून घेतलं, आणि शेवटच्या काडतुसाची टोपी सोडवून होईपर्यंत ते जेवले नाहीत. परवान्यावर सही झाली. तात्यासाहेबांना कडक टोप्यांची नवी काडतुसं गेली. "मुरल्यावर शांत झाली" असं त्यांना सांगितलं, तेही त्यांना लगेच पटलं.

बाजाराच्या दिवशी सिल्लोडहून सांडू नावाचा एक कापसाचा व्यापारी दुकानात आला. इकडंतिकडं बघून तो उस्तादांकडे वाकला.

"उस्ताद, चापाला हात न लावता उडती ती टोपी पायजे."

उस्तादांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि हात जोडून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं खरं सांगितलं. झाकणं, बोल्ट, मऊ टोप्या, सगळं.

सांडूनं ते मन लावून ऐकलं. मान डोलवली.

"व्हय," तो म्हणाला. "तात्यासाहेब म्हनलेच व्हते, उस्ताद आधी असंच सांगतील."